ऊब आणि उजेड एकाच तारेवर टांगू नका

शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटात स्वेटरांची गर्दी सुरू झाली, की माझ्या दुकानात एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. माणूस बदलतो, मागणी बदलत नाही. "ताई, गिझर चालेल असा इन्व्हर्टर द्या." मी नाशिकरोडला इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान चालवते. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड केला, लग्नानंतर दुकान टाकलं, आता २२ वर्षं झाली. या मागणीला माझं उत्तर नाही असं असतं, आणि ते ऐकून लोक शेजारच्या दुकानात जातात. जाऊ देत. पण नाही का म्हणते ते एकदा सविस्तर लिहून ठेवते. थंडीत लाईट गेली की काय करायचं, याची निम्मी गोष्ट त्या एका उत्तरात आहे.

हिशेब साधा आहे. घरोघरी असते ती १२ व्होल्ट, १५० एएच म्हणजे अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी. गुणाकार केला की १८०० वॅट-तास येतात, म्हणजे पावणेदोन युनिटच्या थोडं वर. बॅटरी तळापर्यंत पिळायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो. हातात राहतं साधारण १.२ युनिट. आता आंघोळीची एक बादली घ्या, १५ लिटरची. टाकीतलं पाणी पहाटे १८ अंश असेल, तर ते ४५ अंशांवर न्यायला जवळपास अर्धं युनिट लागतं. म्हणजे अख्खी बॅटरी रिकामी करून अडीच बादल्या पाणी. घरात चार माणसं असतील तर तिसऱ्याची आंघोळ अर्धी थंड आणि चौथा पारोसा. शिवाय गिझर असतो २००० वॅटचा. घरगुती ९०० व्हीएचा इन्व्हर्टर त्याला हात लावताच ओव्हरलोड म्हणून बोंबलतो.

त्याच १.२ युनिटवर ९ वॅटचे चार एलईडी, वायफायचा राउटर आणि दोन मोबाईल १५ तास चालतात. उन्हाळ्यात तीच बॅटरी तीन पंख्यांपुढे साडेचार-पाच तासांत मान टाकते. हिवाळ्यात पंखे बंद, त्यामुळे उजेडापुरता इन्व्हर्टर राजासारखा पुरतो. हाल होतात ते त्याच्याकडून ऊब मागायला गेलं की.

उलट बाजूला १४.२ किलोचा गॅस सिलेंडर बघा. त्यात साधारण १८० युनिट ऊर्जा असते. शेगडीवर वाया जाते ती धरूनही एक बादली तापवायला ६०-७० ग्रॅम गॅस पुरतो. दीडशे बॅटऱ्यांचं काम करणारा ऐवज स्वयंपाकघरात ओट्याखाली बसलाय आणि आपण गिझरला इन्व्हर्टर शोधतोय.

पुतणीचा ऑस्टिनहून फोन

माझी पुतणी टेक्सासमध्ये ऑस्टिनला असते. फेब्रुवारी २०२१ मधला तिचा फोन मला अजून आठवतो. आवाज अगदी बारीक. "काकू, गाडीत बसून बोलतेय. मोबाईल चार्ज करायला." बाहेर शून्याच्या खाली दहाच्याही पलीकडे, घरात लाईट नाही, आणि घर तापवायचं ते विजेवर. टेक्सासात निम्म्याहून जास्त घरं विजेवरच तापतात. नळांचे पाइप गोठून फुटले होते. ती बादलीत बर्फ भरून आणायची आणि वितळला की फ्लशला वापरायची.

तिकडे काय झालं होतं ते मी नंतर नीट वाचून काढलं, कारण माझ्या धंद्यातला त्याहून मोठा धडा मला ठाऊक नाही. विजेच्या जाळ्यात साठा नसल्यासारखाच असतो. या क्षणी जेवढी खपते तेवढी याच क्षणी तयार व्हावी लागते. खप वाढला आणि निर्मिती कमी पडली, की फ्रिक्वेन्सी उतरते. चढावर भार जास्त झाल्यावर बैलांची चाल मंदावते, तसंच. आपल्याकडे ती ५० हर्ट्‌झ असते, अमेरिकेत ६०. १५ फेब्रुवारीच्या रात्री दोनच्या सुमाराला टेक्सासची फ्रिक्वेन्सी ५९.४ च्या खाली गेली आणि चार मिनिटांहून जास्त वेळ तिथेच राहिली. नऊ मिनिटं राहिली असती, तर उरलेली वीजकेंद्रं स्वतःला वाचवायला आपोआप सुटी झाली असती आणि सगळं राज्य अंधारात गेलं असतं. तिथून पुन्हा उभं राहायला आठवडे लागले असते. ते टाळायला त्यांनी २०,००० मेगावॅटचा भार हातानं तोडला. आपल्या भाषेत सांगायचं तर सक्तीचं लोडशेडिंग. आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात. तिथे २१० मेगावॅटचे तीन संच, मिळून ६३०. अशी बत्तीस एकलहरे एका रात्रीत कमी पडली.

आणि निर्मिती कमी का पडली? पवनचक्क्यांवर बर्फ बसला, अणुकेंद्राचा एक संच गोठलेल्या पाइपापायी बंद पडला. पण सगळ्यात मोठा खड्डा नैसर्गिक वायूचा होता. वायूच्या विहिरी आणि नळ्या गोठल्या. त्यात गंमत अशी, की वायू ढकलणारे काही पंप आणि कॉम्प्रेसर विजेवर चालणारे, आणि वीज बनते वायूवर. भार तोडताना काही कॉम्प्रेसरचीही वीज तुटली. वीज नाही म्हणून वायू नाही, वायू नाही म्हणून वीज नाही. भोवरा. टेक्सासचं बरंचसं जाळं अमेरिकेच्या बाकीच्या जाळ्यांपासून वेगळं ठेवलेलं, त्यामुळे शेजाऱ्याकडून उसनं आणायचीही फारशी सोय नव्हती. सरकारी आकड्यात २४६ माणसं गेली. त्यातली काही थंडीनं गेलीच नाहीत. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून, घरात कोळशाची शेगडी पेटवून ऊब घ्यायला गेली आणि धुरानं गेली. याच्याकडे मी पुढे येणार आहे.

आपल्याकडे असं होईल का? अगदी असं नाही. आपला नाशिकचा पारा सहसा शून्याखाली जात नाही, आणि ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं जाळं जोडलं गेल्यापासून देशभर एकच ग्रिड आहे. एका बाजूला तूट पडली तर दुसरीकडून वीज येते. उत्तरेत मात्र हिवाळ्याचा वेगळाच त्रास असतो. वर्षभराची धूळ-काजळी इन्सुलेटरवर बसलेली असते, दाट धुक्यानं ती ओली होते, आणि वीज तिच्यावरून सरपटत खांबावर उतरते. लाईन ट्रिप. आमच्याकडे हे लहान प्रमाणात बघायचं असेल तर जानेवारीतल्या धुक्याच्या पहाटे एखाद्या जुन्या खांबाखाली उभं राहा. वर चर्रर्र आवाज येत असतो, कधीकधी निळसर ठिणगी दिसते. दिसली तर १९१२ वर कळवायचं, खांबाला हात लावायचा नाही, जनावरही बांधायचं नाही.

आमची हिवाळ्यातली बत्ती गुल होते ती बहुतेक वेळा गल्लीपुरती नाहीतर शिवारापुरती असते. डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार जास्त होतो, डीओ म्हणजे तिथला फ्यूज उडतो, केबल जळते. किंवा २६ नोव्हेंबर २०२३ ला झाली तशी गारपीट होते आणि बागा, खांब, तारा सगळंच आडवं होतं. तास-दोन तासांपासून दोन दिवसांपर्यंत तयारी धरा. टेक्सासातून उचलायचं ते एवढंच, की तो भोवरा आपल्या घरात तयार होऊ द्यायचा नाही. पाणी तापवणं विजेवर, स्वयंपाक इंडक्शनवर, टाकीत पाणी चढवणं विजेवर, वरून कुणी घरात हीटर घेतलेला, असं झालं की एक वायर तुटते आणि पाच गोष्टी बसतात.

दिवाळी झाली की करायची कामं

बॅटरीचं पाणी बघा. फ्लोट लाल दिसेपर्यंत थांबू नका. डिस्टिल्ड वॉटरच घाला, आरओचं नाही, बिसलेरीचं तर नाहीच नाही. टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरशी आली असेल तर इन्व्हर्टर बंद करून, गरम पाण्यात खायचा सोडा कालवून पुसून काढा, कोरडं करा, वर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. बॅटरी थंडीत थोडी आळसते, पूर्ण चार्ज असूनही दहावा हिस्सा कमी देते असं धरून चाला. म्हणून ती उघड्या गॅलरीत ठेवू नका. आणि थंडी लागते म्हणून गोधडीतही गुंडाळू नका. हसू नका, एका आजींनी गुंडाळली होती. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला बाहेर जायला वाट लागते.

एक चाचणी सगळ्यांनी करावी. रविवारी संध्याकाळी सात वाजता स्वतःच मेन स्विच पाडा आणि दहापर्यंत उचलू नका. तीन तासांत सगळं कळतं. टॉर्चचे सेल गेलेत, इन्व्हर्टरच्या लाईनवर चुकून फ्रीज जोडलाय, देवघरातला दिवा चालतो आणि जिन्यातला नाही. माझ्या घरी पहिल्यांदा केली तेव्हा कळलं, की सासूबाईंच्या नेब्युलायझरचा प्लग ज्या सॉकेटला जायचा ते सॉकेट इन्व्हर्टरवर नव्हतंच. मी दुकानदारीण, लोकांच्या घरी वायरिंग समजावत हिंडणारी. बोलायला तोंड नव्हतं. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं माणूस असेल तर ही चाचणी आजच करा. ते यंत्र तीन-साडेतीनशे वॅट खातं, १५० एएचच्या बॅटरीवर जेमतेम साडेतीन तास चालतं. त्यांच्यासाठी ऑक्सिजनचा एक भरलेला सिलेंडर घरात लागतोच.

गच्चीवर सोलर पॅनेल आहेत म्हणून निर्धास्त असलेले लोक माझ्याकडे रागावून येतात. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे आता बऱ्याच बंगल्यांवर पॅनेल दिसतात. पण साधी ऑन-ग्रिड यंत्रणा लाईट गेली की भर उन्हातसुद्धा बंद पडते. तो बिघाड नाही. लाईन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढलेला असतो. तुमच्या छतावरून वीज उलटी तारेत गेली तर तो मरेल. म्हणून तिचा इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. लाईट गेल्यावरही सोलर हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि ते बसवायच्या आधी सांगायचं असतं. बाकी नाशिकचा हिवाळा पॅनेलला मानवतो. आभाळ निरभ्र असतं, पॅनेल थंड असलं की देतंही जास्त. दिवस तेवढा लहान. सकाळचं दव आणि धूळ मिळून पॅनेलवर चिखलाचा पापुद्रा धरतो, तो ऊन चढायच्या आत ओल्या फडक्यानं पुसा.

पाण्याचं लोक विसरतात. फ्लॅटमध्ये मोटर सोसायटीची असते आणि ती लाईटवर असते. शहराचं पाणीसुद्धा गंगापूर धरणातून पंपानं उचललं जातं. लांबली तर नळही कोरडा होतो. थंडीच्या दिवसांत रात्री झोपताना वरची टाकी भरलेली असावी, घरात दोन हंडे भरलेले असावेत. आमच्या आजीची पद्धत होती, काही नवीन नाही.

ऊब: गॅस, बंब, ऊन

सासूबाईंचा तांब्याचा बंब मी मोडीत घालायला निघाले होते. भांडेगल्लीत वजन करून भावसुद्धा विचारून आले. मग पुतणीचा तो फोन आला आणि बंब राहिला. आज तो गच्चीवर आहे. मधली नळी विस्तवाची, भोवती पाणी, खाली राख पडायची जाळी, बाजूला पितळी तोटी. माहेराहून द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या वाळलेल्या काड्यांच्या मोळ्या येतात. वेलीची काडी चटकन पेटते आणि धूरही कमी देते, फक्त ती पुरती वाळलेली हवी. पेटवायच्या आधी बंबात पाणी आहे ना, ते तोटी सोडून बघायचं. कोरडा बंब पेटवला की डाख सुटतो आणि मग तो खरोखरच मोडीत जातो. घेतलं तेवढं पाणी वरून ओतत राहायचं. रंग दिलेली फळकुटं, प्लायवूड, प्लॅस्टिक आत घालायचं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी धुराबद्दल एकदा तक्रार केली होती. लाईट नसलेल्या एका सकाळी ते स्वतःच बादली घेऊन आले.

बंब सगळ्यांकडे नसणार. मग गॅस. दोन सिलेंडरं असतील तर डिसेंबर-जानेवारीत दुसरं रिकामं ठेवू नका. संपत आलेल्या सिलेंडरची ज्योत थंड पहाटे बारीक होते, कारण आतला द्रव थंडीत हळू वाफ होतो. तेव्हा सिलेंडर आडवा करणं, त्याच्यावर उकळतं पाणी ओतणं, शेगडीजवळ सरकवणं असले उद्योग करू नका. दुपारी तोच सिलेंडर पुन्हा नीट चालतो.

छतावर सोलर वॉटर हीटर असेल तर तो लाईटचा मिंधा नाही, टाकीतून उतारानं पाणी येतं तोपर्यंत चालतो. फक्त आंघोळीची वेळ बदला. पाणी दुपारी चारला सगळ्यात गरम असतं; ज्यांना चालतं त्यांनी संध्याकाळी आंघोळ करावी आणि पहाटेचं पाणी म्हाताऱ्यांना आणि शाळेच्या पोरांना ठेवावं. पाइपातलं पहिलं थंड पाणी वेगळ्या बादलीत धरा.

आता तो धूर. गॅस गिझरला भिंतीतली वीज लागत नाही, दोन सेलवर ठिणगी पडते, म्हणून लाईट गेली की लोक त्याच्यावर विसंबतात. पण तो बाथरूमच्या आत असेल, खिडकी थंडीमुळे गच्च लावलेली असेल, तर आतला ऑक्सिजन कमी होत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तात तो ऑक्सिजनची जागा शेकडो पट चिवटपणे धरतो. दर हिवाळ्यात अशी बातमी पेपरात कुठून ना कुठून येतेच. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. जमत नसेल तर बादली बाहेर भरा, गिझर बंद करा, आणि मग आत जाऊन कडी लावा.

मी स्वतः या धुरातून वाचले आहे. लग्नाच्या आधीची गोष्ट. मळ्यातल्या खोलीत मी, आई आणि भाऊ राखणीला झोपलो होतो. कडाक्याची थंडी, म्हणून आईनं घमेलंभर निखारे आत आणून ठेवले आणि दाराखालच्या फटीत पोतं कोंबलं. ज्वाळ नव्हता, धूर नव्हता, नुसती छान लाल ऊब. मध्यरात्री भाऊ लघवीला उठला आणि दारातच कोसळला. त्याच्या पडण्यानं दार उघडलं आणि आम्हाला जाग आली. डोकं असं ठणकत होतं, की कुणी आतून घण घालतंय. दोन-तीनदा उलट्या झाल्या. पोतं कोंबायचं ते भावाच्या अंगावर घालायला हवं होतं, असं आई पुढे किती वर्षं म्हणायची. निखारे, शेगडी, जनरेटर, यातलं काहीही बंद खोलीत रात्रभर नको. डोकं जड झालं, मळमळलं, की आधी दार उघडून बाहेर या, मग १०८ ला फोन करा.

बागेत, पहाटे

आता भावाकडे वळते. गेल्या हिवाळ्यात पहाटे पावणेचारला त्याचा फोन आला होता. "ताई, लाईट गेली." निफाड तालुक्यातली द्राक्षबाग, मण्यात पाणी उतरायला म्हणजे मणी पिकायला लागलेले, आणि पारा पाच अंशांच्या खाली चाललेला. एवढ्या थंडीत वेलीचं काम थांबतं. वर दुपारी तिशीच्या जवळ जाणारं ऊन पडलं, की मणी तडकतात, पांढऱ्या जातीत गुलाबी मणी येतात. एक्स्पोर्टचा माल मग लोकलला जातो, लोकलचा बेदाण्याला.

उपाय सगळ्या निफाडला माहीत आहे: पहाटे ड्रिपनं पाणी आणि बांधाला शेकोट्या. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं, हात घातला तर सुखावतो, आणि ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते. पारा सगळ्यात खाली जातो तो सूर्य उगवायच्या सुमाराला. म्हणून पाणी तीन-चारला सुरू व्हावं लागतं, आणि नेमकं तेव्हा थ्री फेज हवं असतं. शेतीला वीज पाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. सौर कृषी वाहिनीमुळे दिवसा वीज मिळायला लागली, तशी रात्री बिबट्याच्या भीतीनं हातात काठी घेऊन पाणी भरायची पाळी टळली, हे चांगलंच झालं. कांद्याला, गव्हाला उत्तम. द्राक्षाच्या या दहा-बारा पहाटांना मात्र दिवसाची वीज कामाची नाही, आणि सोलर पंप तर रात्री झोपलेलाच असतो.

म्हणून भावाला मी सांगितलं ते असं. दिवसा जी वीज मिळेल तिच्यावर शेततळं भरून ठेव. विहिरीवरची ५ एचपीची मोटर जनरेटरवर चालवायला जाऊ नकोस. चालू होताना ती पाच-सहा पट करंट ओढते, १० केव्हीएच्या खालचा जनरेटर तिच्यापुढे टिकत नाही. शेततळ्यावर वेगळी १ एचपीची सिंगल फेज मोटर बसव, ती ३ केव्हीएच्या छोट्या जनरेटरवर चालते. सगळी बाग एकदम भिजणार नाही, व्हॉल्व्ह फिरवून तुकड्या-तुकड्यानं भिजव. ज्यांच्याकडे ट्रॅक्टरवर चालणारा अल्टरनेटर आहे त्यांनी शेजाऱ्यांशी पाळी लावावी. डिझेल वाटून घेतलं तर परवडतं. शेततळ्याचं पाणी विहिरीएवढं कोमट नसतं, तरी कोरड्या जमिनीपेक्षा बरं.

जनरेटर जोडताना मध्ये चेंजओव्हर स्विच हवाच. दोन टोकं सोलून बोर्डात खुपसायची पद्धत मी डोळ्यांनी पाहिली आहे. तशी वीज मिटरमधून उलटी डीपीवर जाते, डीपी ती चढवून ११,००० व्होल्ट करते, आणि वर दुरुस्तीला चढलेला माणूस कुणाचा तरी नवरा असतो.

शेकोट्या बारीक आणि पुष्कळ असाव्यात, एक मोठी होळी नको. वारा ज्या बाजूनं येतो त्या बांधावर, ओळींपासून लांब. भावानं पहिल्या वर्षी उत्साहानं दोन ओळींच्या मध्ये पाचट पेटवलं आणि ड्रिपची चाळीस फूट नळी, लॅटरल, वितळवली. द्राक्षं वाचली, ड्रिप गेलं.

आणि स्टार्टरवरचा ऑटो काढून टाका. लाईट आली की आपली मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून प्रत्येकानं ऑटो लावलेला असतो. मग लाईट येते त्या सेकंदाला शिवारातल्या तीस मोटरी एकदम उठतात, डीपीचा डीओ उडतो, आणि परत अंधार. त्या पहाटे भावाकडे हेच झालं होतं, एका तासात दोनदा. ऑटोऐवजी कपॅसिटर लावा, तो व्होल्टेज सावरतो.

लाईट परत येते तेव्हा

घरातही तेच. लाईट गेली की आधी गिझर, इस्त्री, फ्रीज, टीव्हीची बटणं बंद करा आणि एकच बल्ब चालू ठेवा. बल्ब लागला की घड्याळ बघून दहा मिनिटं थांबा, मग एकेक सुरू करा, गिझर सगळ्यात शेवटी. थंडीत सगळी गल्ली एकाच वेळी गिझर लावून बसलेली असते. पहिल्या पाच मिनिटांत पुन्हा जाण्याचा संभव जास्त.

त्या एका बल्बचा आणखी एक उपयोग आहे. तीन वर्षांपूर्वी दोन तासांनी आमच्याकडे लाईट आली ती अशी लख्ख, की हॉल लग्नघरासारखा उजळला. मी, इलेक्ट्रिशियन, दोन-तीन सेकंद कौतुकानं बघत उभी राहिले. मग ट्यूब पेटली, म्हणजे डोक्यातली. न्यूट्रल तुटला होता. खांबावरचा न्यूट्रल सुटला की २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत घरात शिरू शकतात. कुणाचा बल्ब लख्ख होतो, शेजाऱ्याचा मिणमिणतो. मी धावत जाऊन मेन पाडला, तोवर राउटर आणि टीव्ही गेले होते. फ्रीज वाचला, कारण त्याचं बटण बंद होतं. बल्ब नेहमीपेक्षा पांढराशुभ्र दिसला किंवा पंखा घोंगावला, तर विचार करत बसू नका, मेन पाडा आणि १९१२ लावा. मीटरच्या बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घेतला, तर हे काम तो आपणहून करतो. माझ्या घरी तो त्या टीव्हीनंतर दुसऱ्याच दिवशी बसला. दुकानात तोवर सात वर्षं विकायला ठेवलेला होता.